सायकलवाल्या रजनी मॅडम

रजनी म्हात्रे वर्गात आली की आधी कुणाशी बोलत नसे. गाणी लावत नसे, पंखेही नाही. चौदा सायकली दोन रांगांत उभ्या असत, तिची स्वतःची समोर वेगळी. ती पहिल्या सायकलीपासून चौदाव्या सायकलीपर्यंत जाई, प्रत्येक सीटखालची लोखंडी पिन बोटांनी ओढून बघे आणि मग सीटवर तळहाताने जोर देई. आम्ही बायका तोवर नॅपकिन आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत भिंतीशी उभ्या. कुणी घाईत असलं आणि म्हणालं, "मॅडम, कल ही तो देखा था," तर ती मान वर न करता सांगे, "कल का कल देखा. तुम सीट के भरोसे बैठता है, सीट पिन के भरोसे. और पिन किसके भरोसे? मेरे."

तिचं हिंदी हे असं होतं. मराठी भाईंदरजवळच्या मुर्धा गावचं. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती साधारण अडतीस वर्षांची असेल. काळीसावळी, आडव्या बांध्याची, केस घट्ट मागे बांधलेले, अंगात जिमचा निळा टी-शर्ट आणि पायांत पांढरे बूट. गळ्यातलं मंगळसूत्र ती टी-शर्टच्या आत टाकून त्याला एक सेफ्टीपिन लावायची.

ही दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं. गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून आम्ही मीरा रोडला आलो होतो. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, मुलगा नोकरीसाठी पुण्याला, नवरा अजून नोकरीत. सकाळी साडेआठला त्यांचा डबा भरून दिला की संध्याकाळपर्यंत घरात मी आणि टीव्ही. वर्षभरात वजन वाढलं, मग रक्तातली साखर. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. पण चालायचं कुठे? आमच्या बाजूला चहूकडे इमारती उठत होत्या. रस्त्यावर खडी, रेतीचे ढीग, मध्येच उघडं गटार. दोनदा पाय मुरगळला आणि तिसऱ्यांदा मी स्टेशनजवळच्या एका जिमची पायरी चढले. काउंटरवरच्या मुलीने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "आंटी, तुम्ही ग्रुप सायकलिंग ट्राय करा. पहिला क्लास फ्री आहे."

मी आयुष्यात सायकलवर बसले नव्हते. चाळीत भाऊ तासाच्या भाड्याने सायकल आणायचे, आम्ही मुलींनी ती धरून उभं राहायचं. पन्नाशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा सायकलवर बसणार होते, आणि तीही जागची न हलणारी.

"पयल्यांदा?" रजनीने विचारलं.

"हो."

"मराठी हात? मंग बरं. ही ओढनी द्या इकडं." तिने माझी ओढणी काढून घेतली, घडी घालून खिडकीत ठेवली. मला सायकलीशेजारी उभं करून माझ्या कमरेचं हाड चाचपलं आणि सीट बरोबर त्या उंचीला आणली. पाय पट्ट्यांत अडकवले. "हा नॉब. उजवीकडं फिरवला का चाक जड होतं. खाली दाबला का ब्रेक. बाकी सगलं इसरलात तरी चालंल, हे दाबायचं तेवढं इसरू नका."

आणि मी नेमकं तेच विसरले. दिवे मालवले, एक रंगीत दिवा गरगर फिरायला लागला, गाणं एवढ्या जोरात की छातीतले ठोके कुठले आणि स्पीकरचे कुठले कळेना. समोर आरसा. आरशात तेरा बायका डुलत पायडल मारत होत्या आणि चौदावी तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. सहाव्या-सातव्या मिनिटाला डोळ्यांपुढे अंधारी आली, मी पाय एकदम थांबवले. पण त्या सायकलींचं चाक जड असतं, तुम्ही थांबलात म्हणून ते थांबत नाही. पायडलने माझा पाय फरफटत वर नेला आणि गुडघ्यातून अशी कळ गेली की मी ओरडले. रजनी तिच्या सायकलीवरून उडी मारून कधी आली ते समजलं नाही. तिने माझा नॉब दाबला.

"चाक तुमचं ऐकत न्हाय, ताई. ते आपल्या येगात असतं. पाय एकदम थांबवायचा न्हाय. हलू करायचं, अजून हलू करायचं, आनि मंग थांबायचं."

मी उतरले आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसले. रडू येत होतं, आणि आरशामुळे तेही सगळ्यांना दिसत होतं. ती परत गेली, उरलेला सगळा वर्ग पुरा केला, मग माझ्याजवळ उकिडवी बसली. "सात मिनटं झाली तुमची. उद्या आठ करू."

मी मनाशी ठरवलं होतं की पुन्हा इथे पाऊल टाकायचं नाही. पण घाईत ओढणी तिथेच राहिली होती. दुसऱ्या दिवशी मी ती आणायला म्हणून गेले. तिने ओढणी दिली नाही. "वर्ग झाल्यावर देते," म्हणाली. मी आठ मिनिटं केली.

पुढचे तीन महिने असेच मिनिटामिनिटाने गेले. इतर ठिकाणी असे वर्ग घेणारे लोक ओरडतात, टाळ्या वाजवतात, "और जोर से" म्हणतात, हे मी नंतर पाहिलं. रजनी ओरडत नसे. पाच मिनिटं स्वतः सायकल चालवून दाखवी आणि मग उतरून रांगांमधून फिरत राही. कुणाचे खांदे वर चढले असतील तर त्यावर दोन बोटं ठेवी. "कंधा नीचे. कंधे से साइकल नहीं चलती." शेजारणीशी बरोबरी करायला जाणाऱ्या बाईला म्हणे, "अपना अपना चाक देखो." ज्या दिवशी माझी पंचेचाळीस मिनिटं पूर्ण झाली त्या दिवशी मला वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल. तिने जाता जाता फक्त सांगितलं, "उद्यापासून पुडच्या रांगेत बसा." मी घरी जाऊन नवऱ्याला हे तीन वेळा सांगितलं.

ती तिथे शिकवायला कशी लागली ते मला हंसाबेननी सांगितलं. हंसाबेन वर्गातल्या सगळ्यांत जुन्या, साठीच्या, कपड्याच्या दुकानदाराच्या घरातल्या. त्या सुरुवातीपासून होत्या. "रजनीबेन तो पहले इधर पोछा मारती थी ना," त्या म्हणाल्या. जिम नवीन झाली तेव्हा अंधेरीहून एक बाई शिकवायला यायची आणि रजनी आरसे पुसायची, लादी पुसायची. वर्ग चालू असताना बाहेर जायचं असा नियम होता, पण ती दाराशी उभी राहून ऐकत असे. सहा-आठ महिने ऐकलं. मग अंधेरीची बाई आठवड्यातून एकदा दांडी मारायला लागली, मग दोनदा. एके सकाळी बायका कंटाळून परत निघाल्या तेव्हा रजनीने बादली बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मैं लेऊँ क्या?" हंसाबेन हसून म्हणाल्या, "हम लोग सोचा, टाइमपास हो जाएगा. लेकिन उस दिन पहली बार मेरा घुटना नहीं दुखा." अंधेरीच्या बाईने कधी सीटची उंची बघितली नव्हती. रजनीने पुसताना प्रत्येक सीट हजारदा हाताळली होती, आणि कोण बाई कुठल्या सायकलीवर बसून गुडघा चोळत उतरते हे तिला पाठ होतं.

मालकांना आयतीच सोय झाली. बाई घरची, वेळेवर येणारी, कमी पगारात राबणारी. त्यांनी तिला टी-शर्ट दिला.

रजनी मुर्ध्याची लेक आणि शेजारच्याच मोरवा गावची सून. वडील मिठागरावर कामाला होते. ती त्यांची जेवणाची चटणी-भाकर घेऊन मिठागराच्या बांधावरून सायकलने जायची. सायकल वडिलांची, मोठ्या माणसाची. दांड्यावरून पाय पोचत नसे म्हणून दांड्याखालून पाय घालून तिरकी चालवायची. "बांध केवढा? ह्या टेबलाएवढा रुंद," ती हाताने दाखवायची. "एका बाजूला पानी, दुसऱ्या बाजूला पानी. पडलं का भाकर गेली आनि बापूस उपाशी. मंग कशी पडनार?" सातवीनंतर शाळा सुटली, एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, सायकलही सुटली. नवरा टेम्पो चालवायचा. दोन मुली शिकत होत्या. एवढं तिने एका बैठकीत सांगितलं नाही. सहा महिने पायऱ्या उतरताना तुकड्या-तुकड्याने सांगितलं. तोवर मी तिला "रजनी, तू" म्हणायला लागले होते आणि ती मला नुसतं "ताई".

मग जिमला नवीन भागीदार आला. त्याने रंग काढला, एसी बसवला आणि दाराशी एक बोर्ड लावला. त्यावर लिहिलं होतं की इथले सर्व ट्रेनर सर्टिफाइड आहेत. मालकांनी रजनीला ऑफिसात बोलावलं. तीन महिन्यांत सर्टिफिकेट आण, नाहीतर वर्ग दुसऱ्याला द्यावा लागेल. परीक्षा अंधेरीच्या एका संस्थेत. एक प्रॅक्टिकल, एक लेखी. लेखी पेपर इंग्रजीत.

त्या दिवशी तिने सगळ्या पिना तपासल्या, वर्ग घेतला आणि सगळ्या बायका गेल्यावर ते जाडजूड पुस्तक माझ्यासमोर धरलं. "ताई, तुमी बँकेत व्हत्या. हे वाचता येईल तुमाला?"

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. वर्षभर मी कुणाच्या उपयोगी पडले नव्हते.

ती दुपारी दोनला माझ्या घरी यायची. पहिल्या दिवशी सोफ्यावर बसेना, म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. येताना कधी सुकट आणायची, कधी परसातली वालाची शेंग. स्नायूंची नावं तिला लवकर पाठ झाली, कारण ती नावं ती स्वतःच्या अंगावर हात ठेवून शिकायची. मांडीचा पुढचा भाग दाबून म्हणायची, "क्वाड्रिसेप्स. चढावर हा बोंबलतो." पोटरीला हात लावून पुढचं नाव. शरीर तिला माझ्याहून कितीतरी जास्त कळत होतं. अडायचं ते वाक्यांशी. खालीलपैकी कोणतं विधान बरोबर नाही, अशा प्रश्नांत तो 'नाही' तिच्या हातून निसटायचा. ज्याचं उत्तर तिला झोपेत आलं असतं ते ती चुकवायची. एकेक ओळ बोट ठेवून वाचायची, शब्दाच्या मध्ये थांबायची, आणि ती थांबली की मी तो शब्द म्हणून टाकायचे.

मी चांगली शिक्षिका नव्हते. बँकेत मी पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवलं होतं, तेवढंच मला येत होतं. परीक्षा महिन्यावर आली तेव्हा एका दुपारी मी तिला वीस प्रश्न सोडवायला दिले. त्यातले बारा चुकले. सगळे आदल्या दिवशी झालेले. उकाडा होता, वीज गेली होती. मी कागद टेबलावर टाकला आणि म्हणाले, "सातवी शिकलेल्या माणसाला हे झेपणार नाही, हे मला आधीच कळायला हवं होतं."

तिने पुस्तक मिटलं, पेनाला टोपण लावलं. स्वतःचा चहाचा कप उचलून आत नेला, विसळून पालथा घातला. "येते," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात ती नेहमीसारखीच होती. माझ्याही सायकलीची पिन तिने ओढून पाहिली, माझ्याही खांद्यावर दोन बोटं ठेवली. पण दुपारी आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवस मी दोन वाजता दार उघडं टाकून बसत होते. सकाळी वर्गात तिच्याशी बोलायला जावं तर आजूबाजूला बायका. पाचव्या दिवशी मी भाईंदर पश्चिमेला उतरून रिक्षा केली आणि मोरव्याला गेले.

घर शोधायला वेळ लागला नाही. "सायकलवाली मॅडम" म्हटल्यावर पहिल्याच बाईने बोट दाखवलं. पुढच्या अंगणात रजनी नळाखाली भांडी घासत होती. साडी खोचलेली, मी तिला साडीत कधी पाहिलं नव्हतं. दारात तिची सासू बसली होती. "कोन हाय ग?" तिने विचारलं.

"माज्या ताई हात. बँकेतल्या," रजनी म्हणाली आणि हात पुसत उठली. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी पाणी न पिताच बोलायला सुरुवात केली. म्हटलं, मी चुकले, मी तसं बोलायला नको होतं, उकाडा होता, मला राग स्वतःचाच आला होता. पुष्कळ बोलले. ती ऐकत राहिली. घरी तिची भाषा आणखी मोकळी होती.

"तुमी खोटं न्हाय बोल्लात," ती शेवटी म्हणाली. "जड जातंय मना. पन झेपंल का न्हाय ते माजं मना ठरवू द्या ना."

मी मान हलवली.

"एक बोलू, ताई? राग नका धरू. पयल्या दिवशी तुमी सायकलवरनं उतरल्यात ना, भिंतीला बसल्यात, तवा मी मनात बोल्ले, ही बाई काय उद्या येनार न्हाय. पक्कं वाटलं व्हतं मना. पन मी तुमाला तसं बोल्ले काय?"

"नाही."

"मी काय बोल्ले?"

मला ते शब्द आठवत होते. सासू मध्येच म्हणाली, "बाईला च्या तरी दे ग." रजनी उठून आत गेली. मी त्या अंगणात बसून राहिले. समोरच्या दोरीवर तिचा निळा टी-शर्ट वाळत होता. पंचवीस वर्षांच्या नोकरीत आणि एका मुलाला वाढवण्यात मी कितीजणांना, ते बिचारे भिंतीला टेकून बसलेले असताना, माझ्या मनातलं ऐकवलं होतं, याचा मी तिथे बसून हिशोब करू पाहत होते, आणि तो लागत नव्हता.

ती पुन्हा येऊ लागली. परीक्षेपर्यंत आम्ही अभ्यास केला. प्रॅक्टिकलमध्ये परीक्षकांनी तिला सांगितलं म्हणे, की सीट लावायला इतका वेळ देणारं त्यांनी कुणी पाहिलं नाही. लेखीत ती नापास झाली. अगदी थोडक्यात, पण नापास.

तिचा वर्ग श्वेता नावाच्या एका ट्रेनरला मिळाला. श्वेता कांदिवलीहून यायची. शिकलेली, चुणचुणीत. मालकांनी रजनीला विचारलं की पुन्हा साफसफाईचं बघशील का. मला वाटलं होतं ती तोंडावर नाही म्हणेल. ती हो म्हणाली.

त्यानंतरचे सहा महिने मला विसरता येत नाहीत. ज्या आरशासमोर उभी राहून ती शिकवत होती तोच आरसा ती आता ओल्या कागदाने पुसत असे. आम्ही आत शिरलो की बादली उचलून बाहेर जाई. तिच्याकडे बघायचं कसं हेच आम्हाला समजेना. कुणी उगाच मोठ्याने हसून "कैसी हो मॅडम" म्हणे, कुणी मोबाइलमध्ये बघत आत सटके. हंसाबेननी येणंच बंद केलं. मी एक अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेऊन मालकांना द्यायचा म्हणून. इंग्रजीत, चांगला कडक. तो तिला दाखवायला गेले तर तिने वाचलाही नाही.

"श्वेता मॅडमचं काय चुकलं? ती चांगली शिकवते. मी दारातनं ऐकते ना."

"अगं, पण तुझा अपमान..."

"पुसायचं काम अपमानाचं असतं तर आदी वर्सभर मी काय करत व्हते?" ती म्हणाली. मग फडकं पिळत, "माज्यासाठी रुसून सायकल बंद नका करू. साखर तुमची वाडंल, माजी न्हाय. आनि त्या हंसाबेनला पन फोन करा. बोलावलंय म्हनून सांगा."

मी फोन केला. हंसाबेन परत आल्या.

श्वेताच्या वर्गाआधी पिना कोण तपासतं याचा मी विचार केला नव्हता. एकदा दहा मिनिटं लवकर पोचले तर रजनी फडकं खांद्यावर टाकून एकेक सीट दाबत होती. मी आलेलं तिला दिसलं. ती पुढच्या सीटकडे वळली.

सहा महिन्यांनी परीक्षा पुन्हा होती. तिने पुन्हा माझ्याकडे यायचं ठरवलं याचंच मला आश्चर्य वाटलं. या वेळी मी वेगळं केलं. दुपारी ती आली की मी समोर भिजवलेले वाल घेऊन बसायचे. ती मोठ्याने वाचायची, मी वाल सोलायचे. शब्दापाशी ती अडली की माझ्या तोंडात तो शब्द यायचा, आणि मी पुढचा वाल उचलायचे. कधी अर्धं मिनिट जाई, कधी जास्त. घड्याळाचा आवाज ऐकू येई. मग तिला तो शब्द लागे, कधी चुकीचा लागे, आणि वाक्याच्या शेवटी पोचल्यावर ती स्वतःच म्हणे, "न्हाय, न्हाय, ह्याचा अर्थ लागत न्हाय," आणि मागे जाऊन दुरुस्त करी. तिला हे आधीपासून येत होतं. पहिल्या वेळी मी तिला मागे जायला वेळच दिला नव्हता. त्या दोन महिन्यांत आमच्या घरी इतक्या वेळा वालाची उसळ झाली की नवरा म्हणाला, रजनीला पास करून टाका एकदाचं.

ती पास झाली. निकाल श्वेतानेच कंप्युटरवर बघून सांगितला आणि तिला मिठी मारली. रजनीच्या हातात तेव्हा ओलं फडकं होतं, ते श्वेताच्या पाठीला लागलं. बोरिवलीच्या एका मोठ्या जिममध्ये सायकलिंगला बाई हवी आहे, हेही श्वेतानेच तिला सांगितलं. आमच्या मालकांनी तिला थांबवायचा प्रयत्न केला, दुपारची एक बॅच देऊ केली. ती त्यांच्याशी गोड बोलली आणि गेली.

पुढे ती बोरिवलीत बरीच वर्षं होती. मी एकदा तिथे जाऊन तिचा वर्ग केला. चाळीस सायकली होत्या आणि त्या सगळ्यांच्या पिना तपासायच्या म्हणून ती अर्धा तास आधी येत असे. तिची मोठी मुलगी नर्स झाली. मग आम्ही मुलाकडे पुण्याला राहायला गेलो. सणासुदीला फोन होत राहिले, मग तिचा नंबर बदलला, माझाही बदलला, आणि माणसं जशी सुटतात तशी ती सुटली. मी अजून आठवड्यातून तीनदा सायकल मारते, घरातल्याच एका यंत्रावर. साखर आटोक्यात आहे.

पण रजनी म्हटलं की मला बोरिवलीला रुजू होण्याच्या आदल्या दिवशीची ती दुपार आठवते. ती नव्या जिमचा फॉर्म घेऊन माझ्याकडे आली होती. मला वाटलं, भरून द्यायचा असेल, म्हणून मी चष्मा शोधू लागले. ती म्हणाली, "मी भरते. तुमी बसा नुसत्या."

तिने नाव लिहिलं, पत्ता लिहिला, जन्मतारीख लिहिली. मोठ्या अक्षरांत, सावकाश, सगळं इंग्रजीत. एका रकान्याशी थांबली. आपण कुणाच्या हाताखाली शिकलात, असा काहीसा तो रकाना होता. ती तिथे त्या संस्थेचं नाव लिहील असं मला वाटलं.

"ताई, तुमचं नाव काय हो?" तिने विचारलं. "दोन वर्सं झाली, नुसतं ताईच बोलते."

"शुभांगी," मी म्हटलं. "शुभांगी सावंत. पण अगं, तिथे माझं नाव नाही चालणार. तिथे त्यांना..."

"न्हाय चाललं तर ते खोडतील," ती म्हणाली आणि कागदावर वाकली.

एकेक अक्षर ओठांत म्हणत तिने माझं नाव लिहिलं. मध्ये दोनदा थांबली. मी हात मांडीवर ठेवून बसून होते. लिहून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे वळवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नावातलं एक अक्षर राहून गेलं होतं.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," मी म्हणाले.